काशव्वाचा अंगठा

आईला वाटतं, रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून मी ती नोकरी सोडली. मैत्रिणींना वाटतं, पगार वेळेवर होत नव्हता म्हणून. दोन्ही कारणं मीच सांगितली आहेत आणि दोन्ही थोडी थोडी खरी आहेत. तिसरं कारण मी कुणाजवळ काढलेलं नाही. आईजवळ नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. बघते.

मला बोलायला जमत नाही, हे आधी सांगायला हवं. लहानपणापासून तसंच आहे. शाळा सोलापुरातलीच, इंग्रजी माध्यमाची. बाकीच्या मुली हात वर करून उत्तरं द्यायच्या, मी वहीत बरोबर उत्तर लिहून गप्प बसायचे. कुणी काही विचारलं की मी आधी बघते की हा माणूस किती लवकर जाईल. हे वाईट आहे, माहीत आहे. पण तसं आहे.

पदवीनंतर एका कंपनीमार्फत मला ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाचं काम मिळालं. कुंभारीच्या पुढचं एक गाव, नाव लिहीत नाही. सकाळी वडापच्या जीपनं जायचं, संध्याकाळी परत. दाखले काढायचे, नोंदी भरायच्या, नोटिसा टाइप करायच्या. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण मराठी लिहायला मी खरी शिकले ती त्या नोटिसांवर. ‘सर्व ग्रामस्थांना याद्वारे कळविण्यात येते की.’ मला ते वाक्य आवडायचं. त्यात बोलणारा कुणीच नसतो. गावातल्या लोकांनी मला ‘म्याडम’ केलं होतं आणि मीही तेवढ्यावर खूश होते. मॅडमशी कुणी फार बोलत नाही.

काशव्वा बोलायची.

ती साठीच्या आसपासची. शहरात एका टॉवेलच्या कारखान्यात धागे कापायला जायची. वडाप येईपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसायची, कारण सावली तिथेच होती. सुरुवातीला ‘म्याडम’, मग केव्हातरी ‘पोरी’. वाचता येत नव्हतं. आपसात कानडी, माझ्याशी मराठी. मी मान हलवायचे. तिला तेवढं पुरायचं.

ओढ्याच्या अलीकडे गायरान आहे. माळच, बाभळी आणि दगड. त्याच्या एका कोपऱ्यात गावातली लहान लेकरं पुरतात. म्हणजे पुरायचे, आता हल्ली कमी. कागदावर ते कुठेच नाही. उताऱ्यावर सगळं मिळून ‘गायरान’. पण तिथे छोटे छोटे दगड उभे केलेले आहेत, आणि कुठला कुणाचा हे ज्याचं त्याला माहीत असतं. काशव्वानं एकदा पायरीवरूनच हात करून दाखवलं होतं, “माजी थोरली तितं हाय.” ‘होती’ म्हणाली नाही. आठ महिन्यांची गेली होती, पस्तीसएक वर्षांपूर्वी. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं, तेव्हा काशव्वा आधी त्या कोपऱ्यात आंबील ठेवून यायची. हे तिनं मला कुठलीशी भाजी महाग झाली म्हणावं, तशा आवाजात सांगितलं.

मग त्या गायरानावर सोलरचा प्रकल्प येणार अशी बातमी आली.

त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. जागा द्यायला हरकत नाही, आणि त्या जागेचा गावाला कसलाही सार्वजनिक वापर नाही, असा. वरून रोज फोन येत होते. आधीच्या ग्रामसभेत पाण्यावरून भयंकर आरडाओरडा झाला होता, खुर्ची मोडली होती. तसं पुन्हा नको, एवढंच भाऊसाहेबांना हवं होतं. आमच्या ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. माझी वडाप चुकू नये म्हणून स्वतः फोन करून थांबवून ठेवायचा. मला ह्या गोष्टीत वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं—पण मी शोधला, नाही सापडला.

काशव्वाला काय हवं होतं? तिला सोलर थांबवायचं नव्हतं. ती मला म्हणाली होती, “येऊ दे की लाइट. मला म्हनायचं कोपरा तेवडा सोडा. सबंत उबं ऱ्हाऊन म्हननार हाय. चार बायकाबी येत्यात म्हनल्या.” कोपरा किती असेल? दोन गुंठे, अडीच. मी नकाशा बघितला होता. तेवढा सोडून प्रकल्प बसत होता. सभेत एका माणसानं उठून म्हटलं असतं आणि ते लिहून घेतलं गेलं असतं, तर काम भागलं असतं. म्हणून तिला फक्त सभेची तारीख हवी होती. “नोटीस लागली की मला सांग हां पोरी. मला काय वाचाया येत न्हाय, अन् मी दिसभर गावात नसती.”

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते. फळ्यावर, देवळापाशी, शाळेपाशी. दवंडी द्यावी लागते. आणि हे सगळं केल्याचे फोटो काढून पोर्टलवर चढवावे लागतात, तारीख-वेळेसकट. फोटो चढला की नोटीस लागली. मी तिथे असेपर्यंत फोटोंच्या पुढे जाऊन कुणी काही विचारलेलं मी बघितलं नाही.

त्या सोमवारी मी नोटीस छापली. एकच प्रत. ती फळ्यावर चिकटवली, फोटो काढला, अलगद सोडवली. देवळाच्या भिंतीवर चिकटवली, फोटो. शाळेच्या फाटकावर, फोटो. फाटकावरून काढताना कागदाचा कोपरा जरा फाटला, तर मला वाईट वाटलं, कारण मला नीटनेटकं आवडतं. भाऊसाहेब म्हणाले होते, “वारं लई सुटलंय, बाहेर टिकत नाही कागद. आत आणून ठेवा.” वारं खरंच सुटलं होतं. मी कागद आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

दवंडी आमचे शिपाई सिद्राम काका द्यायचे. त्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या मागच्या बाजूला उभं राहून हलगी वाजवली आणि मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. एक मिनिटभर. झाल्यावर त्यांनी हलगी काखेत मारली आणि म्हणाले, “म्याडम, आज ऐकनारी तुमी अन् ती कुत्री. दोगीबी काय सबंला येत न्हाय.” मी हसले. मला खरंच हसू आलं होतं. ते मग थांबले, “गावात जाऊन येऊ का?” मी म्हणाले, “भाऊसाहेबांना विचारा.” त्यांनी विचारलं नाही.

आता ती सकाळ. गुरुवार.

काशव्वा पायरीवर आली. पदरानं तोंड पुसलं, आत डोकावली. “लागली का गं नोटीस?”

ड्रॉवर माझ्या गुडघ्यापाशी होता. भाऊसाहेब यायचे होते, सिद्राम काका पाणी भरायला गेले होते. ऑफिसात मी एकटी. मला कुणी धमकावलं नव्हतं. काशव्वाला सांगू नकोस, असंही कुणी म्हणालं नव्हतं. काशव्वाचं नावसुद्धा कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी ‘हो’ म्हणाले असते तर काय झालं असतं? तिनं विचारलं असतं कधी. मी सांगितलं असतं सोमवारी. तिनं विचारलं असतं, मग फळ्यावर का न्हाय? मग मला काहीतरी बोलावं लागलं असतं. मग ती बायकांना घेऊन आली असती, भाऊसाहेबांनी विचारलं असतं ह्यांना कुणी सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले असते.

मी म्हणाले, “नाही अव्वा, अजून नाही.”

एवढ्यावर थांबले असते तरी—पण मी थांबले नाही. मी म्हणाले, “लागली की मी सांगते ना तुम्हाला. तुम्ही कशाला रोज विचारता?”

ती म्हणाली, “तू हाईस म्हनून काळजी न्हाय बग.” आणि वडापात बसली.

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे तेही. नोकरी त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. मला फक्त ते बोलणं संपवायचं होतं.

सोमवारी सभा झाली. निरोप देऊन बोलावलेली एकोणीस माणसं होती, त्यातली सात सदस्य. विषय वाचले गेले. गायरानाचा विषय चौथा. कुणी काही बोललं नाही. चहा आला. ठराव मी टाइप केला. ‘सदर जागेचा कोणताही सार्वजनिक वापर अथवा वहिवाट नसल्याने.’ वहिवाट हा शब्द मला तिथेच कळला होता. लोकांची जायची यायची, वापरायची सवय. आंबील ठेवायला जाणं हीसुद्धा वहिवाटच, नाही का? मी एक क्षण थांबले होते. कीबोर्डवर बोटं होती. मग टाइप केलं.

हे सगळं मी इतक्या सरळ सांगते आहे, कारण ह्यापेक्षा वाईट अजून यायचं आहे. गुरुवारचं खोटं मी स्वतःला कधीतरी माफही केलं असतं.

एकोणीस माणसांत ग्रामसभा होत नाही. शंभर सह्या लागतात. त्यामुळे हजेरीचं रजिस्टर नंतर फिरतं. कुणी दाखल्याला आलं, कुणी पाणीपट्टी भरायला आलं, की पुढे सरकवायचं, “एक सही करा हितं.” कुणी विचारत नाही कशाची. मंगळवारी सिद्राम काका घरोघरी हिंडून आले, तरी सोळा कमी होत्या. भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. “उद्यापर्यंत बघा मॅडम तुम्ही.”

बुधवारी सकाळी काशव्वा आली.

“न्हाय ना लागली अजून?”

रजिस्टर उघडंच होतं. माझ्यासमोर. शाईचं पॅड शेजारी. आणि मी म्हणाले, “अव्वा, आता ज्यांना नोटिशीचं कळवायचं, त्यांची यादी करतोय. म्हणजे तुम्हाला रोज विचारायला नको. इथे अंगठा द्या.”

कुणी शिकवलं होतं मला हे? कुणी नाही. भाऊसाहेबांना तर ते सुचलंही नसतं. त्यांनी नुसतं ‘अंगठा द्या’ म्हटलं असतं. मी अख्खी यादी तयार केली, जागच्या जागी. ज्या मुलीला वर्गात एक उत्तर देता येत नव्हतं, तिनं.

काशव्वा इतकी खूश झाली. “बगा, सुदारनाच म्हनायची की ही!” म्हणाली. अंगठा आधी लुगड्याला पुसला, मग पॅडवर दाबला. धागे कापून कापून तिचा अंगठा गुळगुळीत झाला होता, ठसा नीट उठला नाही. तिनंच म्हटलं, “ऱ्हा, पुन्ना देती,” आणि दुसऱ्यांदा जोर लावून उठवला. मी समोर तिचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात. मग तिनं विचारलं, “शांताचं बी घालती का? तिचंबी बाळ तितं हाय.” मी म्हणाले, पाठवून द्या. शांताबाई दुपारी आली. तिचाही घेतला.

महिन्याभरानं माळावर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या आणि खुंट्या ठोकल्या. तेव्हा गावाला कळलं. काशव्वा माझ्याकडे आली नाही, थेट भाच्याकडे गेली. तो शिकलेला. त्यानं पंचायत समितीला अर्ज लिहून दिला की नोटीस लागली नव्हती, दवंडी झाली नव्हती, लोकांना न कळवता सभा झाली. प्रत्येक शब्द खरा होता.

चौकशीला एक साहेब आले. काशव्वा त्या दिवशी कामावर गेली नाही. धुतलेलं लुगडं नेसून भाच्याबरोबर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

साहेबांनी मला विचारलं, “नोटीस लावली होती?” मी म्हणाले, “हो सर,” आणि फोटो दाखवले. तिन्ही. तिन्हींत कागद तोच होता, कोपऱ्यावरची घडीसुद्धा तीच. ते स्क्रीन सरकवत गेले. मग दवंडीचा व्हिडिओ लावला. ऑफिसात हलगी वाजली. काशव्वा कान देऊन ऐकत होती. “आवाज तर सिद्रामाचाच हाय,” ती भाच्याला म्हणाली, “मला कसं ऐकू आलं न्हाय रं?” सिद्राम काका दारात होते. ते बाहेर निघून गेले.

मग साहेबांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. “आजी, तुम्ही तर सभेला हजर होता. हा अंगठा तुमचाच ना?”

ती वाकून बघत राहिली. मग तिला आठवलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. घोळ सुटला असं तिला वाटलं असणार. “ह्यो व्हय! सायब, ह्यो सबंचा न्हवं. ह्यो यादीचा. नोटीस लागल्यावर सांगायची यादी. ह्या पोरीनंच घेतलाय की.” आणि ती माझ्याकडे वळली. “सांग की गं त्यास्नी.”

साहेब माझ्याकडे बघू लागले. “कसली यादी?”

भाऊसाहेबांना खरंच काही माहीत नव्हतं. तेही माझ्याकडेच बघत होते. पंखा फिरत होता. काशव्वा हसऱ्या तोंडानं वाट बघत होती, माझ्या बोलण्याची.

मी म्हणाले, “अशी कुठलीही यादी नाही सर.”

त्या अख्ख्या प्रकरणात मी बोललेलं हे एवढंच वाक्य पूर्ण खरं होतं. यादी नव्हतीच ना.

भाचा तावातावानं उठला, काशव्वानं त्याचा हात धरला. आपल्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत अंगठ्याकडे. आणि साहेबांना म्हणाली, “मग माजाच घोळ झाला आसंल सायब. म्हातारं मानूस.” साहेबांनी ते लिहून घेतलं. तिला वाचूनही दाखवलं. त्याखाली तिनं अंगठा दिला.

अर्ज निकाली निघाला. पंधरा दिवसांत मशीन आलं आणि माळ सपाट झाला. कोपरा धरून. शांताबाई दगड उचलायला गेली होती, पण तोवर कुठला कुणाचा ते कळेनासं झालं होतं. काशव्वा गेली नाही. त्या वर्षी येळवसेला ती शहरात कामावर होती, एवढं मला कळलं. आंबील कुठे ठेवली, ठेवली की नाही, मला माहीत नाही.

अजून एक राहिलं.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर आली होती. मला वाटलं आता ती बोलणार. मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहिले. खरं सांगू? मला वाटत होतं तिनं बोलावं. मोठ्यानं, चारचौघांत. तिनं पिशवीतून कागदात बांधलेली शेंगाची चटणी काढली आणि टेबलावर ठेवली.

“काल सायबाफुडं उगं तुजं नाव घेतलं,” ती म्हणाली. “तू सादी पोर. तुला तरास झाला आसंल. मनात ठिवू नगंस.”

तिला कळलं होतं का? कळूनच ती असं म्हणाली, की खरोखर तिनं स्वतःलाच खोटं ठरवलं होतं? मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं असतं तर समजलं असतं. मला माणसं बघून समजतात, तेवढं एक मला येतं. मी बघितलं नाही. “बरं अव्वा,” म्हणाले.

वडाप आली, ती गेली.

दुपारी डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी होती. मी तो कागद सोडला आणि ती चटणी भाकरीबरोबर खाल्ली. सगळी.